पुठ्ठ्यावरची पंधरा बाळंतपणं

आधीच सांगते, माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय आहेत. ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीतही जमत नव्हतं आणि चौथीनंतर कुणी तपासलं नाही. ज्या कुणाच्या हाती ही वही पडेल त्याने चुका माफ कराव्यात, आणि वाचून झाल्यावर ती चार लोकांत फिरवू नये. मला लोकांसमोर बोलता येत नाही. बोलायची वेळ आली की गळ्यात काहीतरी येऊन बसतं, लहानपणापासून. लिहिताना तेवढं होत नाही, कारण कुणी तोंडाकडे बघत नसतं. माझ्या धाकट्या बहिणीची, वंदनाची मुलगी यंदा अमरावतीला नर्सिंगला लागली. परवा सुट्टीत घरी आली तेव्हा सांगत होती, आता पहिल्यांदा रबरी बाईच्या पोटातून रबरी बाळ काढायला शिकवतात, मगच खऱ्या बाईजवळ जाऊ देतात. मग तिने विचारलं, तुमच्या वेळी कसं होतं? वंदनाने माझ्याकडे पाहिलं आणि चहा ठेवायला उठून गेली. मीही पोरीला काही सांगितलं नाही. जे सांगितलं नाही ते इथे लिहिते.

आमचं गाव तेल्हाऱ्याजवळ. घर माळ्याचं. वांगी, पालक, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि बांधाला झेंडू. गावात शाळा चौथीपर्यंतच होती. पाचवीला नाला ओलांडून दुसऱ्या गावी जावं लागे आणि माझ्या वयाची दुसरी कुणी पोरगी जाणारी नव्हती, तेव्हा माझं शिक्षण तिथेच थांबलं. कुणी मुद्दाम थांबवलं असं नाही. तीन वर्षांनी वंदना पाचवीला गेली तेव्हा तिला सोबत म्हणून मीच रोज नेऊन सोडायची आणि संध्याकाळी आणायची. पाच-सहा वर्षं मी त्या शाळेच्या फाटकापर्यंत गेले. आत कधी गेले नाही. ती बारावी झाली, नर्सिंगला नंबर लागला, तेव्हा बाबा म्हणाले, "होस्टेलचा खर्च आपल्याच्यानं होत नाई. सुमन, तू जाय तिच्यासंग. दोघी बहिनी खोली करून राहा. तिचं शिकनं होऊ दे, मंग तुह्यं पाहू." माझं पाहू म्हणजे लग्नाचं. मला बरंच वाटलं. लग्नाच्या मांडवात सगळे आपल्याकडेच बघतात, या विचारानेही मला घाम फुटायचा.

अमरावतीला आम्ही एक टिनाची खोली घेतली. एका भिंतीला चूल नव्हे, स्टोव्ह. दुसऱ्या भिंतीला दोरी, दोरीवर वंदनाचा पांढरा गणवेश. तो गणवेश मी भाताच्या पेजेत बुडवून कडक करायची, नाहीतर तिला वर्गाबाहेर उभं करत. उन्हाळ्यात टिन तापलं की पेजेचा आंबूस वास खोलीभर पसरायचा. तीन वर्षं तो वास माझ्या नाकात होता. आजही कुठे तांदळाची पेज निथळताना दिसली की मला वंदनाची शिलाईवरच्या धाग्यासारखी बारीक मान आठवते, पुस्तकावर वाकलेली.

ती शिकली तेवढं सगळं माझ्या अंगावर शिकली. चादरीचे कोपरे दुमडायचे ते आमच्या गोधडीवर, मी गोधडीवर झोपलेली असताना, मला न उठवता. नाडी माझी. पट्ट्या बांधायच्या त्या माझ्या कोपराला. इंजेक्शन मात्र संत्र्याला. बाजार उठताना डागी संत्री स्वस्त मिळत, ती मी ओच्यात भरून आणायची आणि वंदना त्यांच्यात साधं पाणी टोचायची. नंतर आम्ही तीच खायचो. पाणी भरलेलं संत्रं पाणचट लागतं, पण टाकून देण्याइतकं वाईट नसतं. तिसऱ्या वर्षी बाळंतपणाचा विषय आला तेव्हा मी पोटावर उशी बांधून पडायची आणि ती टेपने माप घ्यायची. मध्येच दोघींना हसू यायचं. "हालू नको वं ताई, बाळ सरकून राहिलं!" ती म्हणायची. एक धडा तिने माझ्याकडून इतक्या वेळा करून घेतला की मला पाठ झाला. डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला, तर डोकं ओढायचं नाही. आधी हाक मारायची. मग बाईचे दोन्ही गुडघे तिच्या पोटाशी दाबून धरायचे. मी चटईवर गुडघे पोटाशी घेऊन पडायची आणि ती मोठ्याने म्हणायची, "ओढायचं नाही, ओढायचं नाही, ओढायचं नाही." इंग्रजी पुस्तकातलं मला एक अक्षर येत नव्हतं, पण एवढं येत होतं.

तिसऱ्या वर्षाची फी बाबांच्याने पूर्ण झाली नाही. कमी पडली ती तीन हजारांनी. बाबा दर बाजाराला काही ना काही बाजूला काढत, पण भाजीवाल्याची कमाई आठवड्याची असते आणि कॉलेज सगळी रक्कम एकदम मागतं. फी भरल्याशिवाय परीक्षेचं हॉल तिकीट मिळणार नव्हतं. म्हणून मी ज्या मोठ्या दवाखान्यात या मुली शिकायला येत, तिथेच ठेकेदाराकडून आया म्हणून लागले. मला बाळंतपणाच्या खोलीत टाकलं. मी वंदनाला पहिल्याच दिवशी बजावलं, तिथे मला ओळख द्यायची नाही. तिच्या बरोबरीच्या मुली म्हणतील, हिची बहीण फरशी पुसते. ती ऐकायला तयार नव्हती. मी शपथ घातली. मग घरी मी ताई आणि तिथे, सगळ्या आयांना म्हणतात तशी, मावशी. "मावशी, बादली." वंदनाच्या तोंडून हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी बादली घेऊन लगेच गेले, पण दिवसभर मला जेवण गेलं नाही.

त्या खोलीत चार लोखंडी टेबलं होती. बायका ओरडत, सिस्टर त्यांच्यावर ओरडत, बाहेर सासवा दाराला कान लावून बसत. फिनेलचा वास, रक्ताचा वास, आणि कोपऱ्यात स्टरलायझर सतत खदखदत असे, वरणाला उकळी आल्यासारखा. मुलींना त्या खोलीत एकच काळजी असायची, केसा. प्रत्येकीने वीस बाळंतपणं स्वतःच्या हाताने करायची, ती केस बुकात लिहायची आणि त्यावर सिस्टरची सही घ्यायची. वीस झाल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. मुली जास्त आणि टेबलं चार, तेव्हा रोज भांडण. बाई कळा देत असायची आणि दोघी तिच्या पायाशी भांडत असायच्या, हा माझा नंबर, हा माझा नंबर. वंदना भांडायची नाही. आमच्या घरात भांडणारं कुणी नव्हतंच. त्यामुळे तिच्या केसा सगळ्यांत कमी.

खोलीच्या मुख्य थोरात सिस्टर होत्या. उंच, काळ्यासावळ्या, हाताला सतत साबणाचा वास. बोलणं फटकळ, पण बाळ हातात घेताना त्यांचे हात असे हलके होत की बघत राहावं. रोजच्या भांडणाला कंटाळून एक दिवस त्यांनी मला बोलावलं. "तुले लिहिता येते का वं?"

मी मान हलवली.

"किती शिकली?"

"चौथी."

"बस झालं. तू दिवसभर इथंच असते आन तोंड उघडत नाई. हा पुठ्ठा घे. कोनत्या टेबलावर कोनत्या पोरीनं बाळंतपन केलं, तिचं नाव लिहीत जाय. शनिवारी मी यावरून सह्या करीन."

सलाईनच्या खोक्याचा तो पुठ्ठा मी सुतळीने खिळ्याला टांगला, त्याला पेन्सिलचा तुकडा बांधला. आयुष्यात पहिल्यांदा मी लिहिलेलं कुणीतरी खरं मानणार होतं. मी फार जपून लिहायची.

आता मी केलं काय ते सांगते. त्या खोलीत काही बाळं कुणाचीच नसत. म्हणजे असं, मुली जेवायला गेलेल्या, सिस्टर ऑपरेशनकडे धावलेल्या, आणि एखादी तिसरेपणाची बाई आली की टेबलावर चढता चढताच मोकळी होई. अशा वेळी जवळ कोण? आया. माझ्या हातावर अशी कितीतरी आली. मी धरायची, पुसायची, ओरडून कुणाला तरी बोलवायची. मग पुठ्ठ्यावर टेबलाचा आकडा लिहून नावाची जागा कोरी ठेवायची, कारण आयाच्या नावाची केस नसते.

त्या कोऱ्या जागा पल्लवीने पाहिल्या. पल्लवी अकोल्याची, जठारपेठेत तिच्या वडिलांचं कापडाचं दुकान. मनाने वाईट नव्हती. डबा उघडला की पहिला घास दुसऱ्याला द्यायची. पण रक्ताला भ्यायची. बाईने किंचाळी मारली की ही भिंतीला लागायची. नर्सिंग तिने घेतलं नव्हतं, घरच्यांनी दिलं होतं. एक दिवस मी लादी पुसत असताना ती माझ्याजवळ उकिडवी बसली. "मावशी, या रिकाम्या जागेत माह्यं नाव टाकता का? कोनाचं काय जाते? हे बाळ कोनाच्याच वहीत नाई."

मी फडकं बादलीत पिळलं.

"फुकट नाई म्हणत. दोनशे देतो एका नावाचे." तिकडे मुलीसुद्धा देतो, करतो असंच बोलतात.

मी त्या दिवशी घरी जाऊन फार विचार केला. कुणाचं काय जातं, याचं उत्तर मला सापडलं नाही. दुसऱ्या मुलीचा नंबर मी घेत नव्हते. बाळ जन्मलेलं होतं, आई घरी गेलेली होती. हात माझे होते आणि माझ्या हातांची कुठे नोंद नव्हती. वंदनाचं नाव का नाही लिहिलं, असं कुणी विचारेल. तिला कळलं असतं तर तिने ते खोडलं असतं. आणि माझा पगार भाडं-किराण्यातच जिरत होता; फी नाही भरली तर तिच्या वीस काय, चाळीस केसा असून उपयोग नव्हता. दुसऱ्या दिवशी मी पुठ्ठ्यावर पल्लवीचं नाव लिहिलं. जोडाक्षर नीट यावं म्हणून दोनदा गिरवलं. शनिवारी थोरात सिस्टरांनी सही केली. दोन-अडीच महिन्यांत अशी पंधरा नावं झाली. तीन हजार. मी वंदनाला सांगितलं, ठेकेदाराकडून उचल घेतली. तिने कॉलेजात पैसे भरले. पावती घेऊन आली तेव्हा येताना पावशेर जिलेबी घेऊन आली, आणि आम्ही दोघींनी ती कागदावरच संपवली.

त्यानंतर आठवडाभराने ते झालं. दुपारची वेळ. डॉक्टरीणबाई सिझरमध्ये होत्या. खोलीत दोन बाया एकाच वेळी भरात आल्या. एक नंबरवरच्या बाईला बाळ झाल्याबरोबर रक्त जायला लागलं, थांबेना. थोरात सिस्टरांचे दोन्ही हात तिच्या पोटावर. तीन नंबरवर तिवशाकडची सविता होती, वीस-एकवीस वर्षांची, पहिलटकरीण. सकाळपासून ती ओरडली नव्हती, फक्त टेबलाची कड धरून दात आवळत होती. मी पाणी पाजलं तेव्हा मला म्हणाली होती, "बाई, तुमी इथंच राहा नं." खोलीत विद्यार्थिनी दोघीच होत्या, वंदना आणि पल्लवी. सिस्टरांनी मान वळवून खिळ्यावरच्या पुठ्ठ्याकडे पाहिलं.

"पल्लवी, तुह्या पंधरा झाल्या ना? तू तीन नंबर सांभाळ. वंदना, तुह्या आठच हायेत, तू माह्या हाताखाली ये. लवकर!"

पल्लवीने माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा पिठासारखा झाला होता. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. सिस्टर, हिने एकही केलेलं नाही. एवढंच. ते वाक्य माझ्या तोंडात पूर्ण तयार होतं. पण बोलले तर पुठ्ठा खोटा, पुठ्ठा खोटा तर पैसे आले कुठून, पैसे खोटे तर वंदनाची फी, वंदनाचं वर्ष, सगळं. मला वाटलं, सोपं बाळंतपण असेल, होऊन जाईल. मी बादलीकडे बघत राहिले. लोक म्हणतात, मी लाजाळू आहे. त्या दिवशी मी लाजत नव्हते. मी हिशोब करत होते.

डोकं आलं. आणि येऊन लगेच थोडं आत ओढलं गेलं, कासवाने मान घ्यावी तसं. मी ते पाहिलं आणि ओळखलं, कारण हा धडा मला पाठ होता. पल्लवीने डोकं दोन्ही हातांनी धरलं. "मावशी, येत नाई आहे, येत नाई आहे," म्हणत ती ओढायला लागली. ओढायचं नाही, ओढायचं नाही, ओढायचं नाही. हे सगळं माझ्या डोक्यात वंदनाच्या आवाजात चाललं होतं आणि गळा बंद होता. किती वेळ गेला? थोरात सिस्टर नंतर म्हणाल्या, मिनिटही नसेल. मला विचाराल तर अजून चालूच आहे. सविता त्या दिवशी पहिल्यांदा किंचाळली, आणि त्या किंचाळीने माझा गळा उघडला.

"वंदे! खांदा अडकला वं! वंदे, धाव!"

सिस्टर आणि वंदना दोघींनी मान वळवली. सिस्टर रक्तातून हात काढू शकत नव्हत्या. त्यांनी वंदनाला ढकललं, "जाय!" वंदना आली, पल्लवीला बाजूला सारलं. मी एक पाय धरला, पल्लवीने दुसरा, गुडघे पोटाशी दाबले, जसे चटईवर माझे दाबायचो तसे. वंदनाने ओढलं नाही. बाळ आलं. निळं होतं, मग रडलं. मुलगा. माझ्या जिवात जीव आला. मग वंदनाने त्याला कापडात घेताना मी बघितलं, त्याचा डावा हात वर आला, मूठ वळली. उजवा हात पंचा लोंबावा तसा लोंबत होता.

बाहेर सविताची सासू होती. मुलगा झाला ऐकून तिने कमरेची पिशवी सोडली आणि माझ्या हातात वीस रुपये कोंबले. मुलगा झाला की आयाला खुशी द्यायची असते. "घे बाई, नाई म्हनू नको. देव तुह्यं भलं करो." नाही म्हटलं असतं तर तिने कारण विचारलं असतं. मी ते वीस रुपये घेतले.

संध्याकाळी खोलीवर मी चून-भाकर, म्हणजे पिठलं-भाकरी केली. वंदना जेवायला बसली आणि म्हणाली, "ताई, पल्लवीच्या पंधरा झाल्या होत्या. तिनं असं कावून ओढलं? मले समजून नाई राहिलं." ती खरंच विचारात पडली होती. भाकरीचा तुकडा चुनात बुडवून तसाच धरला होता. मी तव्याकडे तोंड करून सगळं सांगितलं. पहिलं नाव, दोनशे, पंधरा नावं, फी, जिलेबी. मी वळले तेव्हा तिने ताट सरकवलं होतं.

"मले विचारलं नाईस," ती म्हणाली.

"तू नाई म्हनली असती."

"हो. नाई म्हनली असती." मग हात धुताना, "आन त्या वक्ती? ती टेबलापाशी गेली त्या वक्ती कावून नाई बोलली?"

"तुह्यं वर्ष गेलं असतं, वंदे."

"माह्यं नाव नको घेऊ त्याच्यात," ती म्हणाली. माझ्या बहिणीचा इतका कोरडा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. "उद्या तू सिस्टरले सांगशील. तू नाई सांगितलं तं मी सांगीन."

सकाळी मी सांगितलं. कपड्यांच्या खोलीत थोरात सिस्टर चादरी मोजत होत्या. मी अडखळत बोलत होते आणि त्या मोजत होत्या, मग मोजणं थांबलं. त्या खाली, धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर बसल्या.

"वंदना तुही बहीन हाये हे मले पहिल्याच दिवशी समजलं होतं. दोघींचे कान सारखे," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "सह्या माह्या हायेत. पंधराच्या पंधरा. मी टेबलापाशी नसताना झालेल्या केसांवर मी सही केली. काहून? तं तू लिहिलं म्हनून. तुले खोटं बोलता येत असन असं वाटलंच नाई, बाप्पा." त्या हसल्या नाहीत. वरपर्यंत सांगितलं तर त्यांची नोकरी, माझी, दोन मुलींची वर्षं, सगळं जाणार होतं, आणि त्या लेकराचा हात काही त्याने उठणार नव्हता. त्यांनी सांगितलं नाही. ते बरोबर होतं की नाही, मी त्यांच्याबद्दल बोलणारी कोण? पण त्यांनी पुठ्ठा सुतळीसकट काढून फाडला. पल्लवीच्या बुकातल्या पंधरा पानांवर तिच्यासमोर लाल पेनने काट मारली. दिवाळीच्या सुट्टीत सगळ्या मुली घरी गेल्या तेव्हा पल्लवीला ठेवून घेतलं आणि तिच्या हाताखाली हात धरून, रडू दे, ओकू दे, पण खोडलेली पंधरा आणि राहिलेली पाच, अशी वीस बाळंतपणं करवून घेतली. वंदनाच्याही राहिलेल्या तेव्हाच झाल्या. मला त्या दिवसापासून बाळंतपणाच्या खोलीत पाय ठेवायची बंदी. मी धुलाईत गेले. रक्ताच्या चादरी आधी गार पाण्यात भिजवायच्या असतात, गरम पाण्यात टाकल्या तर डाग बसतो, हे मी तिथे शिकले.

सविताला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, मोठ्या बाळाचं असं होतं, मालिश आणि व्यायामाने हात सुधारेल. तेच घरच्यांनी मानलं. वंदना दर रविवारी तिवशाच्या बसने त्यांच्या गावी जायची, बाळाचा हात कसा उचलायचा, कसा फिरवायचा ते सविताला शिकवायला. पहिल्यांदा मीही गेले. सविताने आम्हाला गुळाचा चहा दिला आणि सासू शेजारणीला सांगत होती, "ह्याच बाईनं हाक मारली म्हनून माह्या नातवाचा जीव वाचला." मला सांगायचं होतं. तेवढ्यासाठीच गेले होते. चहा संपला, बसची वेळ झाली, आम्ही निघालो. रस्त्याने वंदना माझ्याशी एक शब्द बोलली नाही. पुढे ती एकटीच जात राहिली, परीक्षेच्या आठवड्यातसुद्धा. मी आजपर्यंत सांगितलेलं नाही. सविताची सासू गेली, तिलाही नाही.

हॉल तिकिटं मिळाली त्या दिवशी पल्लवी धुलाईच्या दारात आली. बारीक झाली होती. तिच्या हातांना थोरात सिस्टरांसारखाच साबणाचा वास येत होता. "मावशी, पंधरा तं मी माह्या हातानं केल्या," ती म्हणाली. "मंग ते तीन हजार कायचे होते? माहे पैसे वापस द्या." ती रागाने बोलत नव्हती. दुकानदाराची मुलगी होती. मालच मिळाला नाही तर पैसे कशाचे, एवढंच तिचं म्हणणं. मला तिचं म्हणणं पटलं. देईन म्हटलं.

धुलाईच्या पगारातून महिन्याला दोनशेच निघत, तेही तेल-साखर कमी करून. दर वेळी दोनशे दिले की माझ्या मनात एक टेबल यायचं, एक बाई, मी धरलेलं एक बाळ. पहिले काही हप्ते पल्लवीने अमरावतीतच घेतले. वंदना पास झाली, तिला अकोल्याला नोकरी लागली, आम्ही तिकडे खोली केली आणि मी तिथे एका दवाखान्याच्या कपड्यांचं काम धरलं. मग मी दर महिन्याला जठारपेठेत पल्लवीच्या वडिलांच्या दुकानात जायची. वंदनाला मी एकदा म्हटलं होतं, तुझ्याजवळ देते, जाता जाता देशील का? ती म्हणाली, "ते तू घेतले, तूच दे." आमचं बोलणं तोपर्यंत पुन्हा सुरू झालं होतं, पण तीन हजारांचा विषय निघाला की ती उठून दुसऱ्या कामाला लागायची. अजूनही तसंच करते.

शेवटचे दोनशे द्यायला गेले तेव्हा दुकानात लग्नाच्या खरेदीची गर्दी होती. पल्लवी गादीवर बसली होती. ती नर्सिंग करत नव्हती. पास झाली, महिनाभर एका दवाखान्यात गेली आणि सोडून दिलं. तिने मला मागच्या खोलीत, कापडाच्या गाठोड्यांमध्ये नेलं. मी कमरेच्या पिशवीतून नोटा काढून दिल्या. तिने त्या घेतल्या, पण तिथल्या पैशांच्या पेटीत टाकल्या नाहीत.

"मावशी, त्या पोराचा हात?"

"खांद्याइतका येते," मी म्हटलं. "त्याच्या वर नाई. घास डाव्या हातानंच खाते."

ती गाठोड्यावरची धूळ हाताने पुसत राहिली, पुसून झालेली जागा पुन्हा पुसली. बाहेरून तिच्या वडिलांनी हाक मारली, गिऱ्हाईक खोळंबलं होतं. तिने दोनशे रुपये मोजले, पेटी उघडून आत ठेवले आणि झाकण लावलं.

"झाले, मावशी," ती म्हणाली. "तीन हजार पूर्ण झाले. आता तुमच्याकडे काही बाकी नाई."